चूल झकास जमली, पण आज्जीला उबारा मिळेना

गेल्या आषाढातली गोष्ट आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडं एका घरात चूल घालायला गेलो होतो. मी गवंडी, निर्धूर चुलीचं काम वडिलांकडनं शिकलोय, 1983 नंतर सरकारी योजनेतनं गावोगाव चुली घातल्या गेल्या तेव्हापासनं ते करायचे. आमच्याकडं बर्फ पडत नाही, पण तिथला पाऊस चार-चार दिवस थांबत नाही, घोंगडं वाळत नाही, सरपण पडवीत ठेवलं तरी ओलसरच.

मी रॉकेट पद्धतीची घातली. म्हणजे लाकूड आडवं आत सरकवायचं, खालनं जाळीतनं हवा, आणि जाळ उभ्या नळीतनं थेट भांड्याच्या बुडाला. आतनं माती आणि भाताचं तूस यांचा जाड थर. पहिल्यांदा तापली की तूस जळून जातं, बारीक बारीक पोकळ्या राहतात, मग उष्णता भिंतीत मुरत नाही, जाळ आतच कडक होतो आणि धूरसुद्धा जळतो, कारण धूर म्हणजे अर्धवट जळलेलं सरपणच की. भाकऱ्या पटापट झाल्या, सगळी खूश.

आज्जी मात्र गप्प. मग म्हणाली, "चूल बरी हाय रे पोरा, पण उबारा कुठं गेला? जुन्या चुलीला टेकून मी रात्र काढायची."

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. जुनी चूल सरपण खायची खरं, पण तीच जाड माती रात्रभर ऊब सोडायची. रशिया, फिनलंडकडं विटांच्या भट्टीत तास-दोन तास मोठा जाळ करतात आणि मग वीट दिवसभर तापलेली राहते, उत्तर चीनमध्ये तर झोपायच्या कट्ट्याखालनंच धूर फिरवतात. म्हटलं, आपण पण कट्टा करूया की.

चुलीमागं दगड-मातीचा कट्टा बांधला, आतनं धुराची वाट आडवी नेली आणि शेवटी पाईप कौलातनं वर काढला. पेटवलं तर सगळा धूर घरात! लेकरं खोकायला लागली, मला फार वाईट वाटलं. कट्ट्यात धूर गार होत होता, पाईप पावसानं गारठलेला, मग धुराला वर ओढ लागणार कशी? पाईप आढ्याच्या वर दोन फूट चढवला, आणि बुडाशी राख काढायला जे झाकण ठेवलं होतं ते उघडून मूठभर वाळकं गवत पेटवलं. पाईप तापला, ओढ लागली, मग चूल पेटवली तर धूर सरळ वर. सरपण पण चुलीवरच्या माळ्यावर टाकायला लावलं, ओल्या लाकडाचा बराच जाळ पाणी उकळण्यातच जातो.

आठ दिवसांनी परत गेलो. आज्जी कट्ट्यावर, मांडीवर घोंगडं, पण स्वयंपाकघराची खिडकी बंद करून वर पोतं कोंबलेलं, थंडी येते म्हणून. निखारे आत, दार लावलेलं. त्या विस्तवाचा जो विषारी वायू असतो तो दिसत नाही, वास येत नाही, हे मी तिच्या लेकाला दोनदा सांगितलं, तरी तो नुसती मान हलवत होता. शेवटी पोतं ओढून काढलं, खिडकीची एक झडपच उखडली आणि गाडीत टाकून घेऊन आलो. आज्जी लई रागावली. झडप अजून माझ्याकडंच आहे.