आत्याच्या ओव्या रीपरमध्ये लावताना

गाणं रेकॉर्ड केलं की चांगला टेक ठेवायचा आणि बाकीचे काढून टाकायचे, हा रिवाज. आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांना तो लावायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. एकच ओवी ती एकदा म्हणते तेव्हा न्यायला भाऊ मुराळी येतो, पुन्हा म्हणते तेव्हा बाप दारात उभा असतो. दोन्ही खऱ्याच. त्यामुळे एकही तुकडा टाकायचा नाही, आणि मागितला की तो लगेच सापडला पाहिजे.

दळण संपेपर्यंत रेकॉर्डर चालूच ठेवायचे, कारण आत्याला ओवी सुचते ती खुंटा हातात असतानाच. मग फाइली लांबलचक होतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला 17 एमबीच्या आसपास. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टला स्वतंत्र फोल्डर केलं, सेव्ह करताना सगळ्या फाइली त्याच फोल्डरमध्ये कॉपी करण्याच्या पर्यायावर टिक केली आणि मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. एवढं झाल्यावरच कापायला घेतलं.

आधी नुसतं ऐकत गेले. जिथे ओवी सुरू होते तिथे एम दाबून मार्कर. नंतर एस दाबून तुकडे. रीपरमध्ये कापल्यानं डिस्कवरच्या फाइलीला धक्का लागत नाही. क्लिपची कड ओढली की लपलेला आवाज परत येतो. त्यामुळे हात बिनधास्त चालतो. कापायची जागा मात्र नीट शोधावी लागते. ओवी उचलण्याआधी आत्या श्वास घेते, तो श्वास क्लिपमध्ये हवाच. खाली जात्याची घरघर अखंड चालू असते, ती एकदम तुटली की कानाला खटकते. म्हणून दोन्ही टोकांना जरा लांबट फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो.

रेकॉर्डरसोबत फोनवरही दुसरं रेकॉर्डिंग घेतलं होतं. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, लांब फाइलीच्या शेवटी आवाज पुढेमागे होतात. त्यासाठी दळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवून घ्यायचे. टाळ्या जुळवल्या, दोन्ही क्लिप निवडून जी दाबून ग्रुप केल्या. मग एकीला कापलं की दुसरीही तिथेच कापली जाते.

खरं काम नावांचं. प्रत्येक ओवीला एक रीजन, म्हणजे नाव देऊन आखलेला पट्टा, आणि नावात विषय, ओवीचे पहिले शब्द, मग पाठभेदासाठी क किंवा ख. रीपर एकाच क्लिपमध्ये टेकची थप्पी लावू देतो, पण त्यातला एरवी एकच वाजतो. मला पाठभेद शेजारी शेजारी हवे होते, म्हणून ते वेगळेच ठेवले. रीजनच्या यादीत नावानं लावले की क खाली ख येतो, आणि शोधाच्या चौकटीत 'मुराळी' लिहिलं की तेवढ्याच ओव्या उरतात. भाऊ पंढरीला निघाला, ही ओवी भावाची की पंढरीची? हेमा राईरकर आणि गी पोयत्वॅ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचं विषयवार वर्गीकरण केलेलं आहे. ते पाहिल्यावर या कामाचा आवाका कळतो. मी पहिला विषय नावात घेतला, दुसरा क्लिपच्या नोंदीत. "पीठ जाड येतंय गं" असली मधली बोलणी 'बोलणं' या ट्रॅकवर आहेत. तीही तितकीच मोलाची.

प्रोजेक्ट फोल्डर साफ करण्याची एक आज्ञा मेनूत आहे, ती न वापरलेल्या फाइली पुसते. अशा संग्रहात तिला हात लावू नये.

शेवटी रेंडर, म्हणजे ऐकायच्या फाइली बाहेर काढणं. फाइलीच्या नावात रीजनचं नाव आपोआप घ्यायला सांगितलं की प्रत्येक ओवीची वेगळी एमपीथ्री तयार होते. त्या चुलतबहिणींना पाठवल्या, तर त्यांनी आपापल्या सासरी ऐकलेले शब्द म्हणून पाठवले. ते आवाज गावाच्या नावानिशी वेगळ्या ट्रॅकवर लावलेत, आणि मुराळ्याच्या ओवीला आता ग आणि घही आहेत.