तव्यावरचा अर्धा कांदा

घरात अचानक चार पाहुणे वाढले की मटण वाढत नाही, कांदा वाढतो. पावशेर खिमा सहा पानांना पुरवायचा तर त्यात दोन कांदे जास्त चिरायचे, ही युक्ती आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनो नावाच्या छोट्या गावाने मात्र हीच युक्ती बर्गरमध्ये वापरली, त्यातून ओनियन बर्गर झाला, आणि पुढे गरज संपली तरी ती सोडली नाही.

गाव ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला, रूट ६६ या जुन्या महामार्गावर. एकेकाळी रॉक आयलंड रेल्वेचं मोठं ठाणं. १९२२ साली देशभरातल्या रेल्वे कारखान्यांतल्या कामगारांनी संप केला, पगार थांबले, आणि खिशात नाणी मोजून लोक जेवायला येऊ लागले. तेव्हा मांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात कांदा थापायला सुरुवात झाली, असं गावात सांगतात. काही जण ते श्रेय पुढच्या महामंदीला देतात. या कथेत नाव येतं ते रॉस डेव्हिस यांच्या 'हॅम्बर्गर इन'चं: पाच सेंटचा बर्गर आणि त्यात अर्धा कांदा चिरून दाबलेला. ते दुकान आता नाही. रॉक आयलंडही १९८० मध्ये बंद पडली. पण १९२६ पासूनचं 'रॉबर्ट्स ग्रिल', १९४६ चं 'जॉनीज' आणि त्या मानाने कालचं 'सिड्स' अशी तीन दुकानं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तिघांच्याही तव्यावर कांदा आहे.

अशा ठिकाणी टेबल रिकामं असलं तरी काउंटरचं स्टूल धरावं. रॉबर्ट्समध्ये तर दुसरा पर्यायच नाही, सगळी बैठक काउंटरलाच. समोर हातभर अंतरावर तवा असतो आणि निम्मी मजा तिथे आहे. एक व्यावहारिक सूचना: जाकीट गाडीत ठेवून यावं. त्या कांद्याचा वास कपड्यांत बसला की पुढच्या धुण्यापर्यंत सोबत करतो.

आता तव्याकडे बघा. गोमांसाच्या खिम्याचा गोळा साधारण ऐंशी ग्रॅमचा, लिंबाहून मोठा, सैल धरलेला. कणकेसारखा मळलेला नाही आणि त्यात मीठही नाही. खिम्यात आधी मीठ घालून मळलं तर मांसातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि बर्गर सॉसेजसारखा रबरी होतो, म्हणून मीठ तव्यावर पडल्यानंतर, वरून. मांसात चरबी पाचातला एक भाग. यापेक्षा कमी असेल तर कांदा तळायला तव्यावर काही उरत नाही, कारण तेल वेगळं घालायचंच नसतं.

गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर पडतो आणि लगेच त्यावर मूठभर कांदा. ही मूठ बघून नवख्याला वाटतं, आचाऱ्याचा हात चुकला. गोळा दिसेनासा होतो. कांदा कागदासारखा पातळ कापलेला, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, भज्यांना चिरतो त्याहूनही बारीक. मग गवंड्याच्या करणीसारखं ताठ उलथणं वर ठेवून, पात्यावर दुसऱ्या हाताचा तळवा टेकवून, अंगाचं वजन टाकून दाबायचं. कडा फाटून जाळीदार होईपर्यंत. कांदा मांसावर पसरून चालत नाही, मांसात रुतावा लागतो.

हे दाबणं पहिल्या अर्ध्या मिनिटातच. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, दाबलं तरी काही वाहून जात नाही. नंतर तोच दाब दिला तर रस तव्यावर आणि बर्गर कोरडा. दोन-अडीच मिनिटांनी कडा तपकिरी झाल्या की उलथण्याचं पातं तव्याला घासत, खरवडत खालून घालायचं आणि एका झटक्यात पालटायचं. खरवडणं महत्त्वाचं: खालचा खरपूस थर तव्यालाच राहिला तर चवीतला मोठा हिस्सा तिथेच राहिला. आता कांदा खाली आणि मांस वर. सुटलेल्या चरबीत कांदा तळला जातो, आणि त्याच्या वाफेवर वरचं मांस शिजत राहतं. इकडेतिकडे पळालेल्या कांद्याच्या काड्या उलथण्याने गोळा करून खाली सारतात. त्या करपतात थोड्या, करपू द्याव्यात. मग चीज, आणि त्यावर बन. पाव तव्यावर न ठेवता बर्गरवरच ठेवायचा, म्हणजे कांद्याची वाफ त्यात शिरते, तो लुसलुशीत होतो आणि त्यालाही कांद्याचा वास लागतो. पालटल्यापासून आणखी तीनेक मिनिटं.

बिघडतं ते बहुतेक वेळा कांद्याच्या जाडीमुळे. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणी. जाड फोडी घातल्या तर त्या मांसात रुतत नाहीत, पालटताना निसटतात, आणि पाणी सोडत बसतात. पाण्याने तवा थंडावतो, चर्र आवाज मावळून बुडबुड सुरू होते, आणि मांस भाजण्याऐवजी उकडून करडं पडतं. काउंटरवर बसून न बघताही हे कळतं: आवाज बदलला की समजावं. म्हणूनच घरी नॉनस्टिक तव्यावर हा प्रयोग करू नये. तो पुरेसा तापवता येत नाही, आणि त्यावर खरवडणार काय? जाड लोखंडी तवा, आणि एका वेळी दोनच. चार टाकले की पुन्हा पाणी.

कांदा आधीच परतून डब्यात भरून ठेवलेला दिसला तर तो बर्गर चांगला असू शकेल, ओनियन बर्गर नव्हे.

आपल्यापैकी गोमांस न खाणारे टेक्सासमधल्या डॅलसहून गाडी काढून मित्रांसोबत इथे आलेच, तर ग्रिल्ड चीज सँडविच मागावं आणि त्यात तळलेला कांदा घालायला सांगावं. मात्र तवा तोच आणि उलथणंही तेच, हे आधी समजून घ्यावं. घरी बोकडाच्या खिम्याचा करायचा तर खाटकाला चरबी सोबत घालून एकदाच भरडायला सांगावं. नुसता खिमा तव्याला चिकटतो. चिकनचा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ती खरपूस जाळी येत नाही. कांद्याला आपला नाशिकचा लाल चालतो, जरा तिखट उतरतो एवढंच. अलिबागचा पांढरा गोड असतो, पण या तव्यावर त्याचा गोडवा भाव खाऊन जातो.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावात या बर्गरचा उत्सव भरतो आणि साडेतीनशे किलोंहून जास्त वजनाचा एकच बर्गर भाजतात. तो बघण्याची वस्तू आहे. पातळ कांदा आणि झटपट भाजणं यांवर उभ्या असलेल्या पदार्थाचा एवढा मोठा अवतार चवीला कसा असणार, हे वेगळं सांगायला नको.

खाताना मस्टर्ड आणि लोणच्याच्या काकडीच्या चकत्या पुरेत. केचप घालायला कुणाची ना नाही, पण कांदा आधीच गोड झालेला असतो, त्यावर आणखी गोड कशाला. बाजूला कोनी, म्हणजे खिम्याचा चिली सॉस घातलेला हॉटडॉग, घेतलाच तर त्यावर बारीक चिरलेल्या कोबीचं मोहरीच्या चवीचं स्लॉ येतं, तेही इथलंच वैशिष्ट्य. फोटो काढायचाच असेल तर एकच. पाव वाफेने मऊ झालेला असतो आणि पाच मिनिटांत खालून ओला व्हायला लागतो. आणि दुसरा हवा असेल तर पहिला अर्धा संपायच्या आत सांगून टाकावं. गोळा तव्यावर पडल्यापासून पाच-सहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ रिकाम्या कागदातल्या करपलेल्या काड्या बोटाने वेचत बसावं लागतं.