गाळ ओला असतानाच

पाणी ओसरलं की लोकांचा हात आधी स्विचबोर्डाकडे जातो. पंखे लावून दुकान वाळवायचं असतं ना! २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेचं पात्र सोडून एकतानगरीत आणि आमच्या सिंहगड रोडच्या गल्लीत शिरलं, तेव्हा शेजारच्या पोराला मी ओरडून थांबवलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघं शॉक लागून गेले होते. आणि नुसता मेन पाडून भागत नाही, बरं का. इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन चालूच राहते. वायरमन येईपर्यंत आम्ही हातातल्या बॅटऱ्यांच्या उजेडात काम केलं.

माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान तळमजल्यावर आहे. झाडू उचलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढले: भिंतीवरची पाण्याची रेघ, काउंटर, प्रत्येक मशीन. धुऊन लख्ख केलेलं दुकान बघून पंचनामा करणारा किंवा विम्याचा सर्व्हेयर लिहिणार तरी काय?

मग गाळ. तो ओला असतानाच काढायचा, वाळला की दगड होतो. शेवटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी पुसली. कुणीतरी वर अ‍ॅसिड ओतायला निघालं होतं. ते कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो.

माझा जीव अडकला होता तो गिऱ्हाइकांच्या साड्यांत. "ताई, माझी पैठणी?" म्हणून फोनवर फोन. सुती साड्या चांगल्या पाण्यात खळबळून काढल्या की सुटतात. रेशमाचं तसं नाही. ओल्या साड्या एकावर एक राहिल्या तर लाल काठाचा रंग शेजारणीच्या मोतिया पदरावर उतरतो. म्हणून आधी सगळ्या सुट्या केल्या, न पिळता, न चोळता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये जुन्या चादरींवर पसरल्या. इस्त्री अजिबात नाही. गाळाचा डाग गरम झाला की पक्का बसतो. ड्रायक्लीनरला पुराचं पाणी लागलंय हे सांगूनच दिल्या. दोन-तीन काही वाचल्या नाहीत. त्यांच्या मालकिणींना मी स्वतः फोन केले. एक मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मशिनांपैकी जुनं काळं पायमशीन सगळ्यात चिवट निघालं. माती धुतली, पुसलं, रॉकेलने सांधे मोकळे केले, मग तेल घालून चाक हाताने फिरवत राहिले. मोटरवाल्या मशिनांना वीज न लावता थेट मेकॅनिककडे पाठवलं. ओव्हरलॉक परत आलं, भरतकामाचं महागडं मशीन बोर्ड गेल्यामुळे भंगारात गेलं. प्लायचं काउंटर पाव फुगावा तसं फुगलं होतं, तेही टाकलं. आता लोखंडी आहे.

पेंटर लगेच पुट्टी मारायला तयार होता. मी नाही म्हटलं. प्लास्टरच्या पोटातलं पाणी निघायला महिने लागतात, वरून रंग दिला तर तो फुगून सुटतो. भिंतीवर रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून ओलीच. दिवाळीच्या ब्लाऊजांच्या ऑर्डरी मी पोपडे निघालेल्या भिंतीसमोरच घेतल्या. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. रंग डिसेंबरात लावला.