मे महिन्यातली विहीर: सावर्ड्याच्या आसपास जागेच्या शोधात

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघांनी दिव्याहून सकाळची सावंतवाडी पॅसेंजर धरली आणि चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याला उतरलो. यांना निवृत्त होऊन वर्ष झालं, माझी शाळेतली नोकरी मार्चमध्ये संपली. डोंबिवलीचं घर मुलाकडे सोपवून कोकणात चार खोल्यांचं चिऱ्याचं (तिथल्या लाल जांभ्या दगडाचं) घर बांधायचं, एवढं ठरलं होतं. सगळे म्हणाले, उन्हात कशाला जाता, पाऊस सरल्यावर जा, हिरवंगार असतं. आम्ही मुद्दाम मे निवडला. ऑक्टोबरात कोकणातली कुठलीही जागा मन मोहून घेते. जिथे राहायचं तिथलं पाणी बघायचं तर वैशाखातच बघावं.

निघण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, नाहीतर सगळी पायपीट वाया जाईल. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. वाई तालुक्यात यांच्या नावावर वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, तिचा सातबारा आणि शेतकरी दाखला आम्ही बरोबर नेला होता. ज्यांच्याकडे असं काही नाही त्यांनी बिनशेती झालेला प्लॉट किंवा गावठाणातलं जुनं घर बघावं, किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी. "एन.ए. (म्हणजे बिनशेती) होईल" आणि "एन.ए. झालंय" यांत फार अंतर आहे, म्हणून आदेशाची प्रत हातात घेऊन वाचा.

सावर्डा निवडलं ते स्टेशन, महामार्ग आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय ही तिन्ही जवळ आहेत म्हणून. आज आम्ही चालते-फिरते आहोत, पण घर सत्तरीनंतरसाठी बांधायचं आहे. एका वाडीत तर जागा मनापासून आवडली होती. पण सडकेपासून घरापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी होती, मी मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. माझ्या सासूबाईंना शेवटची दोन वर्षं खुर्चीतून न्यावं लागायचं, ते आठवलं आणि आम्ही तिथूनच परत फिरलो.

एजंटाने पहिली जागा दाखवली ती गुहागरच्या बाजूला, शृंगारतळीच्या पुढे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर. सपाट, रोड टच, आणि लांबवर समुद्राची निळी रेघ. पण पायाखाली सगळा कातळ. झाड लावायचं तर खड्डा फोडून माती बाहेरून आणावी लागेल. शेजारच्या बंगल्याच्या रखवालदाराला पाण्याचं विचारलं, तर त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीकडे बोट दाखवलं: होळीनंतर टँकर. बोअर मारली होती, फेब्रुवारीपर्यंतच चालते म्हणाला. (समुद्राजवळचं घेणार असाल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम लागू होतात, तेही बघावं लागेल.)

दुसऱ्या दिवशी माखजनच्या बाजूला गेलो. गड नदीकाठी पोफळीची बाग, गार सावली, पाण्याला तोटा नाही. मालकही सज्जन. त्यांच्या पडवीत कोकम सरबत पिताना भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर एक मातकट रेघ दिसली. विचारलं तर ते सरळ म्हणाले, "पुराची आहे, ताई. दरवर्षी पाणी आवारात येतं, कधी घरात." २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा माझी मावसबहीण तिच्या घराच्या माळ्यावर रात्रभर बसून होती, त्यामुळे मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. नदी-खाडीकाठची जागा बघताना एजंटाला विचारू नका. आजूबाजूच्या जुन्या घरांची जोती किती उंच आहेत ते बघा आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला २००५ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.

तिसरी जागा सावर्ड्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, पंचवीस गुंठे. हलका उतार, वर चार कलमं आणि एक फणस, खालच्या अंगाला गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) आणि गडग्यापलीकडे पऱ्या, म्हणजे ओढा. जागेच्या कोपऱ्यात विहीर. दुपारचा एक वाजला होता. रहाटाच्या दोरीला दगड बांधून यांनी तळापर्यंत सोडला आणि वर ओढून दोरीचा ओला भाग हाताने मोजला. साडेचार हात. मे महिन्यात एवढं पाणी बघून मला भरून आलं. तेवढ्यात पाणी न्यायला आलेल्या आजी म्हणाल्या, "आटत नाय कधी. पण चैत्रानंतर एकदम उपसू नको, सकाळी काढलंस तर संध्याकाळपर्यंत भरते." पंप लावायचा विचार असेल तर हेच विचारायचं असतं: नुसतं पाणी किती ते नाही, उपसल्यावर किती वेळात परत भरते. आणि त्या आजी तिथे पाणी भरत होत्या, म्हणजे विहीर सामाईक आहे हेही कळलं. विकणाऱ्याचा तिच्यात चार आणे हिस्सा आहे. तो हिस्सा खरेदीखतात लिहिला गेला पाहिजे, नाहीतर जमीन आपली आणि विहीर लोकांची असं होऊन बसतं.

कागद बघायला त्या रात्रीच बसलो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, एजंटाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. उताऱ्यावर चौदा नावं निघाली. कोकणात हे नेहमीचंच. जागा दाखवणारा एक भाऊ असतो आणि बाकीचे मुंबईत. जुन्या उताऱ्यांत बहिणींची नावं लागलेलीच नसतात, म्हणून निदान तीस वर्षांचे फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढून वारस जुळवावेत. हे काम चिपळूणच्या स्थानिक वकिलाकडे दिलं. "इतर हक्क"च्या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा किंवा खाजगी वनाचा शेरा दिसला, किंवा भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असलं, तर वकिलाने हो म्हणेपर्यंत पाऊल उचलू नका. आमचा उतारा वर्ग १ चा, म्हणजे असं बंधन नसलेला निघाला.

क्षेत्रही नीट बघा. २०२३ च्या अधिसूचनेपासून रत्नागिरी जिल्ह्यात जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे शेतजमिनीचा याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. त्याखालचा तुकडा "दोघा-तिघांच्या नावाने मिळून घ्या" असं सांगून विकतात, त्या वाटेला जाऊ नका. आणि पंचवीस गुंठ्यांवर फार्महाऊस होत नाही, त्याला एक एकर लागतो. आमची जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत येते, त्यामुळे बिनशेतीची वाट सोपी पडेल असं वकिलांनी सांगितलं. मला तहसीलमधून ते लेखी हवं आहे, अर्ज दिला आहे.

अडलं ते रस्त्यावर. सडकेपासून जागेपर्यंत साठ-सत्तर पावलं दुसऱ्याच्या जमिनीतून जावं लागतं. "वहिवाट आहे, पिढ्यान् पिढ्या बैलगाडी जायची," असं सगळे म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. पण वहिवाट पायाची आणि बैलगाडीची. उद्या चिऱ्यांचा ट्रक, वाळूचा डंपर, पुढे कधी रुग्णवाहिका तिथून गेली आणि त्या जमीनमालकाच्या मुलाने गडगा घातला तर? आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने संगमेश्वर तालुक्यात असंच घर बांधलं. चार वर्षं झाली, ते अजून किराणा डोक्यावरून नेतात आणि मामलेदाराकडे तारखा घेतात. म्हणून एजंट रोज फोन करून "ताई, दुसरी पार्टी तयार आहे, टोकन टाकून ठेवा" म्हणत असला तरी आम्ही एक रुपया दिलेला नाही. रस्त्याचं नोंदणीकृत संमतीपत्र आणि भूमी अभिलेखची मोजणी, मग टोकन. मोजणीचा अर्ज विकणाऱ्याच्याच नावाने भरावा लागतो, पैसे आम्ही देऊ म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

जुलैत पुन्हा जाऊन आलो, एका दिवसापुरते. धो-धो पाऊस होता. मेमध्ये ओलांडता येणारा पऱ्या लाल पाण्याने भरून गडग्याच्या दोन हात खालून वाहत होता, पण गडगा शाबूत होता आणि फणसाच्या बुंध्याशी पाणी साचलेलं नव्हतं. मेमध्ये जिथे घराची जागा म्हणून खुणेचा दगड ठेवला होता तिथे मात्र वरच्या बांधावरून पाण्याचा लोट येत होता. जोतं आता बारा पावलं डावीकडे, कलमांच्या बाजूला घेऊ. पावसात उभं राहिल्याशिवाय हे कळलं नसतं.

चौदांपैकी नऊ जण मुंबईत आहेत, एक सुरतला, आणि रस्त्याच्या जमिनीचे मालक विरारला. सगळ्यांना एकेक करून गाठायचं तर वर्ष जाईल. पण गणपतीला सगळे घरी येतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी विकणाऱ्यांच्याच पडवीत बसायचं ठरलं आहे. वकील येणार आहेत, आम्हीही आदल्या संध्याकाळी सावर्ड्याला पोचतो आहोत.