औषध एकाच्या पोटात, बिल दुसऱ्याच्या नावावर

अमेरिकेतील व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीची एकेकाळची राजधानी म्हणजे विल्यम्सबर्ग. तेथील ड्यूक ऑफ ग्लॉस्टर रस्त्यावर विल्यम पाश्चर आणि जॉन मिन्सन गॉल्ट या दोन अपॉथेकरींचे (औषधे बनवून विकणाऱ्यांचे) दुकान मूळ जागी पुन्हा उभारून ठेवलेले आहे. (जंतुशास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्याशी याचा संबंध नाही, त्यांचा जन्मच १८२२ सालचा.) येणारे लोक जळवांच्या बरण्या आणि हाडे कापण्याच्या करवती पाहून शहारतात. मला मात्र त्या धंद्यातील हिशेबाची बाजू अधिक रोचक वाटते, कारण रोग्याला काय दिले जाई हे पुष्कळदा पैसे कसे मिळतात यावर ठरत असे.

याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे रोग्याला तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार आपलाच, असा पदवीधर वैद्यांच्या संघटनेचा (कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा) दावा होता. जॉन सील नावाच्या एका खाटकावर उपचार केल्याबद्दल विल्यम रोझ या अपॉथेकरीवर त्यांनी खटला भरला आणि तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेला. १७०४ साली निकाल रोझच्या बाजूने लागला. अपॉथेकरीने उपचार सुचवायला हरकत उरली नाही, पण सल्ल्याचे पैसे मागण्याची मुभा त्याला नव्हती. मोल फक्त दिलेल्या औषधाचे. अशा व्यवस्थेत ‘काही घेऊ नका, दोन दिवस पडून राहा’ हा सल्ला देणाऱ्याला तो फुकटच द्यावा लागणार, हे उघड आहे.

व्हर्जिनियात शिकलेले वैद्य विरळा. त्यामुळे अपॉथेकरीच नाडी पाही, दात उपटी, जखमा शिवी आणि प्रसूतीलाही जाई. बिले इतकी फुगू लागली की १७३६ साली वसाहतीच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. त्याची प्रस्तावना मला फार आवडते, कारण ती कायद्यापेक्षा एखाद्या वैतागलेल्या गिऱ्हाइकाने लिहिल्यासारखी वाटते. हे लोक अकुशल असतात, तरी भरमसाट पैसे मागतात, बिल लांबवण्यासाठी रोग्यावर गरजेपेक्षा जास्त औषधे लादतात आणि खरी किंमत कळू नये म्हणून औषधात काय घातले आहे तेही लपवतात, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. गावात किंवा पाच मैलांच्या आत रोग्याकडे जाण्याचे, उमेदवारी करून शिकलेल्याला ५ शिलिंग आणि विद्यापीठाची पदवी असलेल्याला १० शिलिंग, असे दर ठरवण्यात आले. त्याहून महत्त्वाची अट बिलाची होती. औषधातील प्रत्येक घटक, किंवा प्रचलित औषधकोशातील तयार औषध असल्यास त्याचे खरे नाव, प्रमाण आणि किंमत यांसह लिहून देणे बंधनकारक झाले; तसे न केल्यास त्या बिलावरचा दावा न्यायालयात टिकणार नव्हता. कायद्याची मुदत दोनच वर्षांची होती, हे त्याचे दुर्दैव.

दुकानातील मालाकडे पाहिले तर आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानदाराला फारसे अनोळखी वाटू नये. हिंग, कापूर, सोनामुखी, रेवाचिनी, अफू ही मंडळी तेथेही होतीच. हिवतापासाठी पेरूकडची सिंकोनाची साल, जुलाबासाठी मेक्सिकोचे जलाप आणि वांतीसाठी ब्राझीलचा इपेकाक मिळे. छातीत जळजळू लागले तर खडू देत, आणि हा उपाय तरी आजच्या कसोटीला उतरतो. पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल मात्र सढळ हाताने दिले जाई, आणि त्याने किती जणांचे दात हलले असतील कोण जाणे. याखेरीज मसाले, मेणबत्त्या, तंबाखू असा किराणाही असे. टर्लिंग्टनच्या बाल्समसारखी इंग्लंडहून येणारी पेटंट औषधे तर नावावरच खपत. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात माल येईनासा झाला, तेव्हा त्यांच्या रिकाम्या बाटल्यांत तिथलेच मिश्रण भरून विकले जाऊ लागले.

व्यवहार बहुतांशी उधारीचा. मळेवाल्यांच्या हाती पैसा येई तो तंबाखू विकल्यावर, म्हणून अपॉथेकरीची वसुलीही त्यावरच अडकलेली असे. या मळेवाल्यांच्या खात्यावर त्यांच्या गुलामांसाठी घेतलेली औषधेही चढत. उपचार करायचा की नाही, कोणता आणि किती खर्चाचा, हे सारे मालक ठरवी. वांतीचे किंवा जुलाबाचे औषध ज्याला प्यावे लागे त्याला कोणी विचारत नसे, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक तरी कसे म्हणावे? त्याच्या वस्तीत जडीबुटी जाणणारे स्त्री-पुरुष असत, पण विषप्रयोगाच्या धास्तीने १७४८ च्या कायद्याने गुलामाने औषध बनवणे वा देणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. मालकाची संमती असेल, किंवा हेतू वाईट नव्हता आणि अपायही झाला नाही असे न्यायालयाला पटेल, तरच देहान्त शिक्षेतून सुटका.

पाश्चरची ये-जा थेट गव्हर्नरच्या वाड्यापर्यंत होती. एप्रिल १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोरने शहराच्या कोठारातील दारूगोळा गुपचूप हलवला, त्या धामधुमीत पाश्चर एका रोग्याला पाहायला वाड्यात गेला होता. डनमोरने त्यालाच गाठून सुनावले की आपल्या माणसांना इजा झाली तर गुलामांना मुक्त करीन आणि शहराची राख करीन. पाश्चरने ही धमकी गावातील प्रमुखांच्या कानी घातली, आणि पुढे तशी साक्षही दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डनमोरने खरोखरच जाहीरनामा काढला: इंग्रज सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोर मालकांचे जे गुलाम इंग्रजांच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त.