लष्कर ते लंडन, व्हाया डर्बन

ग्वाल्हेर स्टेशनवरून ई-रिक्षाने महाराज बाड्यावर उतरलं की बहुतेक पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग सराफ्याकडे वळतात. आम्ही जुनी पाकिटं जमवणारे, त्यामुळे आमचे पाय पोस्टाच्या इमारतीपाशी थबकतात. (लष्कर हा या शहराचा भाग आहे, फौज नव्हे. पुण्याकडच्या मंडळींसाठी हे दरवेळी सांगावं लागतं.)

या फेरीत एकच गोष्ट डोक्यात होती. सप्टेंबर 1940 मध्ये 24 भारतीय वैमानिकांची तुकडी प्रशिक्षणासाठी ब्रिटनला निघाली. अशा एखाद्या मुलाला ग्वाल्हेरच्या दौलतगंजातून पत्र टाकायचं तर ते जायचं कसं?

पहिली ठेच तिकिटावरच लागायची. टपालाच्या बाबतीत ग्वाल्हेर हे करारातलं संस्थान होतं. 1885 च्या करारानुसार इथे ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं वापरत, फक्त त्यांवर इंग्रजीत आणि नागरीत संस्थानाचं नाव छापलेलं असे. ही छापाची तिकिटं संस्थानात, ब्रिटिश मुलखात आणि करारातल्या इतर संस्थानांत चालत. समुद्रापलीकडच्या पत्राला मात्र बिनछापाचं तिकीट लागे. घरात पडलेली तिकिटं सवयीने चिकटवली की घोटाळा ठरलेलाच. म्हणून विलायतेला गेलेल्या पाकिटावर ग्वाल्हेरची छाप दिसली तर आम्ही आधी संशय घेतो, आनंद नंतर.

दुसरी अडचण वजनाची. 1938 च्या साम्राज्य हवाई टपाल योजनेत अर्ध्या औंसाचं पत्र अडीच आण्यांत विलायतेला पोचायचं. लढाई सुरू होताच ही योजना गुंडाळली गेली आणि तेवढ्याच वजनाला 14 आणे पडू लागले, म्हणजे रुपयाला दोनच आणे कमी. 1940 मध्ये 14 आण्यांचं जांभळं तिकीट निघालं. त्यावर राजाच्या मुखवट्याशेजारी विमान आहे. अर्धा औंस म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम. आजचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. दोन कागद आणि पाकीट झालं की मर्यादा गाठलीच. त्यात संक्रांतीच्या हलव्याचे चार दाणे टाकले तर दुप्पट पैसे. पातळ कागद आणि बारीक अक्षर यांना तेव्हा फार किंमत होती.

मार्गाचं तर विचारूच नका. लढाईपूर्वी पाण्यावर उतरणारी एम्पायर विमानं कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कलकत्त्याला जायची. ग्वाल्हेरचा थांबा धावपट्टीवर नव्हे, तलावावर होता. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्रावरची वाट बंद झाली आणि घोड्याच्या नालेसारखा नवा मार्ग आखला गेला: डर्बन, पूर्व आफ्रिका, खार्टूम, कैरो, बसरा, कराची, कलकत्ता आणि पुढे सिडनीपर्यंत. ब्रिटन आणि डर्बनमधलं अंतर बोटीने. म्हणजे 14 आणे भरूनही पत्राचा बराचसा प्रवास समुद्रातूनच. पूर्वी काही दिवसांत येणारं उत्तर आता आठवड्यांनी येई. बोट बुडाली तर येतच नसे.

म्हणून जाणती माणसं पत्रांना क्रमांक घालत. सातवं पत्र आलं आणि सहावं नाही, तर काय राहिलं ते कळायचं. पत्रं उलटसुलट पोचत, त्यामुळे निरोप महत्त्वाचा असेल तर तो लागोपाठ दोन पत्रांत लिहायचा. मुलाने ठिकाण किंवा विमानाचा प्रकार लिहिला की सेन्सॉरची कात्री चालायची. ब्रिटनमध्ये उघडलेल्या पाकिटाच्या कडेला पी. सी. 90 छापलेली पट्टी आणि तपासनिसाचा क्रमांक दिसतो. ही पट्टी सोलून काढू नका. तिच्यामुळे पाकिटाची किंमत वाढते.

1942 मध्ये भारताला एअरग्राफची सोय मिळाली. आमच्या मते घरच्यांसाठी ही त्या काळातली सर्वांत शहाणी युक्ती. ठरलेल्या फॉर्मवर पत्र लिहायचं, पत्ता वरच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत. फॉर्मची छबी 16 मिलिमीटर फिल्मवर घेत, फक्त फिल्म विमानाने जाई आणि पलीकडे तिची लहानशी छापील प्रत काढून वाटत. 1,600 पत्रांच्या फिल्मचं वजन 5 औंस, तेवढ्याच कागदी पत्रांचं 50 पौंड. फिल्म हरवली तर पुन्हा फोटो काढता यावा म्हणून मूळ फॉर्म पोच मिळेपर्यंत जपून ठेवत.

खोट एवढीच की पेन्सिल किंवा फिकी शाई छापात उमटत नसे आणि दाटीवाटीचं अक्षर आकसून वाचता येत नसे. दोन पानं लिहायची तर दोन फॉर्म, दोन्हींवर पूर्ण पत्ता, आणि ती वेगवेगळ्या दिवशी पोचण्याची तयारी.

घाईच्या वेळी सैनिकांसाठी सवलतीची तार होती. छापील यादीतल्या वाक्यांना क्रमांक असत, त्यांतली तीनपर्यंत निवडायची. तारेतून क्रमांक जात, पलीकडे वाक्यं लिहून देत. खुशाली कळे, पण सगळ्यांची एकाच भाषेत.

ग्वाल्हेरात कुणाच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल तर तिकिटं कापू नका, पाकीट अख्खं ठेवा. आधी मागची बाजू भिंगाने पाहा. विमान इथल्या तलावावर उतरायचं म्हणून पत्र इथेच विमानात चढलं असं धरून चालू नका. मागचे शिक्के तारखेने लावले की वाट आपोआप उलगडते. एअरग्राफची प्रत म्हणजे फोटोचा कागद. तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी पडली असेल तर उलगडून, दोन साध्या कागदांमध्ये, सपाट ठेवा आणि उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीतून खाली आणा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्या खोलीत माणूसही टिकत नाही.