विरजण लागलं नाही त्या दिवसापासनं

पलूस तालुक्यात आमचं दही-चक्क्याचं छोटं युनिट आहे, 2011 ला घरच्या चार म्हशींवर सुरू केलं, आता रोज 600 लिटर दूध येतं, माल सांगली-मिरजेला जातो. कर्ज, लायसन, मशिनरी सगळ्यांचं सारखंच असतंय, ते सोडतो.

2018 च्या उन्हाळ्यात एका सकाळी 200 लिटरचं दही लागलंच नाही. कल्चर बदललं, टाक्या धुतल्या, दुसऱ्या दिवशी परत तेच. मग दूध घालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं दूध वेगवेगळ्या भांड्यात विरजून बघितलं तेव्हा एक कॅन सापडला. तो ज्यांचा होता त्यांच्या गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज झालेली, सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडून लगेच दूध घातलेलं, आणि ते औषध विरजणातले जंतूपण मारतं, दूध उकळलं तरी पूर्ण जात नाही. मी चिडलो, तर ते म्हणाले, "दूध घातलं नाही तर पेंडीची उधारी कुठनं भागवू?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी आईला लघवीचं इन्फेक्शन होऊन मिरजेला ॲडमिट केलं. रिपोर्टमध्ये एकेका औषधापुढं आर, आर, आर, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. 11 दिवस भारी इंजेक्शनं. तो जंतू गोठ्यातनंच आला असं मी म्हणत नाही, पण माणसाला आणि जनावराला बरीच औषधं एकाच जातीची, औषधाला सरावलेले जंतू शेणमुतातनं ओढ्याला, ओढा कृष्णेला, आणि तेच पाणी परत नळाला. कोंबड्यांना कॉलिस्टिन द्यायला 2019 ला बंदी आली तीपण याचसाठी, माणसाला बाकी काही लागू पडत नाही तेव्हा ते वापरतात.

मग ठरवलं, औषध दिलेल्या गाईचं दूध वेगळं घ्यायचं, अर्धा दर द्यायचा आणि वापरायचं नाही. किती दिवस ते लेबलवर बघायचं, लिहिलेलं नसेल तर नियमानं दुधाला किमान 7 दिवस. ते दूध वासराला पाजायचं नाही, गटारीत पण नाही, शेणखताच्या खड्ड्यात जिरवायचं, कुजताना सगळं नाही पण बरंचसं औषध मोडतं. पहिल्या वर्षी तोटाच झाला.

खरा फरक पडला तो दगडी होऊच नये म्हणून धडपडलो त्यानं. धार काढली की सड आयोडीनच्या औषधात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची म्हणजे गाय उभी राहते, कारण सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, गाय शेणात बसली की जंतू आत गेलाच! हे दारोदार जाऊन बायकांना दाखवलं, धारा त्याच काढतात.

आता कोण लपवत नाही, औषधाच्या कॅनला लाल फडकं बांधूनच आणतात.